छातीचं माप

"साहेब, पोट सोडा."

"सोडलंय की."

"नाही सोडलं. आत ओढून धरलंय. अहो, हा कोट घालून जेवायला बसायचंय तुम्हाला, नुसतं फोटोला उभं नाही राहायचं."

बाबांच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्यामुळे शब्द दातांमागून घसरत आले, पण गिऱ्हाइकाला कळायचं ते कळलं. गृहस्थांनी लांब उसासा टाकला आणि इतका वेळ कोंडून ठेवलेलं पोट टेपवर येऊन निवांत बसलं. बाबांनी आकडा मनातल्या मनात वाचला आणि खडूने कापडाच्या कडेला लिहिला. कुणाच्या कमरेचं माप त्यांनी आयुष्यात कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून बघत होती. घाईत आली होती, पण या पायरीवर पाय ठेवला की तिची घाई नेहमीच थोडी विरघळायची. दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक खोली. मागे दार नाही, पुढे भिंत नाही. शटर वर केलं की सगळं दुकान रस्त्यात. कापायचं टेबल, शिवणयंत्र, इस्त्री, कपडे टांगायचा दांडा आणि कोपऱ्यात पडदा लावलेली, कपडे घालून बघायची जागा. लहानपणी शाळा सुटली की ती थेट इथे यायची आणि टेबलाखाली बसून चिंध्यांमधून बाहुलीचे कपडे करायची. वरून कात्रीचा चावत जाणारा आवाज यायचा, ओल्या फडक्यावर इस्त्री टेकली की वाफेचा वास यायचा आणि बाबांची फक्त पावलं दिसायची. काम अवघड असलं की डाव्या पायाची बोटं चपलेत आत वळायची. बोटं सरळ झाली की समजायचं, आता बाबांशी बोलायला हरकत नाही.

कोटवाले गृहस्थ संध्याकाळी येतो म्हणून गेले. ती आत आली.

"बाबा, आई गेली ना मावशीकडे?"

"सकाळीच, पोरीला शाळेत सोडून तशीच. डोळ्याचं ऑपरेशन आजच करायचं ठरलं म्हणे अचानक. मला सांगून गेली, आज तुमचं तुम्ही बघा."

"मग बटणला शाळेतून कोण आणणार?"

बटण म्हणजे तिची लेक. तान्ही असताना पहिल्यांदा माहेरी आणली तेव्हा बाबांनी तिला बघून 'हे काय, एवढंसं बटण' म्हटलं होतं. तेच नाव चिकटलं. आता ती बालवाडीत जायची. सकाळी आजी सोडायची, दुपारी आजी आणायची. बालवाडीतल्या बाई घरच्या माणसाशिवाय कुणाच्याही हाती पोर देत नसत.

"तू जा की," बाबा म्हणाले. "दोन गल्ल्या आणि एक चौक."

"मी?"

बाबांनी मान खाली घातली आणि टेबलावरचं कापड उगीचच सारखं केलं. चौकाचं नाव निघालं की घरात सगळ्यांचंच असं काहीतरी सारखं करणं सुरू व्हायचं.

जिथे ते घडलं तो चौक हा नव्हताच. तो होता तिच्या स्वतःच्या घराजवळचा, नवऱ्याच्या नोकरीच्या गावातला. मागच्या हिवाळ्यात ती बटणला घेऊन रस्ता ओलांडत होती आणि मधोमध तिच्या छातीत हवा जायची थांबली. बोटं बधिर झाली, कानात शीळ घुमायला लागली, आपण आता इथेच पडणार अशी खात्री झाली. आणि तिने दोन्ही हात छातीवर दाबून धरले. दोन्ही. ज्या हातात बटणचा हात होता, तोसुद्धा. कुणा भाजी घेऊन चाललेल्या बाईने पोरीला दंडाला धरून बाजूला ओढलं. झालं काहीच नाही. बाई म्हणाली, "सांभाळा हो," आणि निघून गेली. त्या दोन शब्दांवर ती इतके महिने निजत-उठत होती. चार दिवस म्हणून माहेरी आली ती राहिलीच. नवरा सुट्टीला येऊन भेटून जायचा. जाताना विचारायचा, "येणार ना?" आणि ती म्हणायची, "हिचं शाळेचं वर्ष संपू दे." शाळा म्हणजे बालवाडी. वर्ष संपायला आलं होतं.

हे काही नवं दुखणं नव्हतं. सोळाव्या वर्षी, शालांत परीक्षेच्या आधी, ते पहिल्यांदा आलं होतं. पुस्तकावर बसल्याबसल्या श्वास अडकला. पुरता आत जाईना, अर्ध्यावरून परत फिरायला लागला. शेजाऱ्यांनी दम्याचं निदान केलं, समोरच्या काकूंनी अॅसिडिटीचं. आई डॉक्टर शोधायला धावली. बाबा दुकानातून तसेच आले, गळ्यात टेप लटकवून.

"बाबा, हवा आत जात नाहीये."

बाबांना दुसरं काय सुचणार. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाला लावतात तशी तिच्या छातीभोवती गुंडाळली. दोन्ही टोकं बोटांत धरली.

"घे श्वास. बघ, सरकली टेप. गेली ना हवा आत? आता सोड. सोड. अजून आहे की आत. इतकी भरून बसलीस तर नवीन हवेने शिरायचं कुठून? टेप सैल पडल्याशिवाय पुढचा श्वास घ्यायचा नाही."

ती टेपकडे बघत राहिली. पिवळी, कडा झिजलेली टेप, तिच्यावर बाबांचा अंगठा. अंगठ्याखालून आकडे पुढे सरकत होते, मागे येत होते. म्हणजे हवा जात होती. छाती नाही म्हणत होती, पण टेप हो म्हणत होती. हळूहळू छातीने टेपचं ऐकलं. पुढची कितीतरी वर्षं तिला वाटायचं, तेवढं एक माप हाताशी असलं की पुरे.

पण बाबा तेवढ्यावर थांबले असते तर ते बाबा कसले. पोरीची छाती आवळते म्हणजे कपडेच आवळत असणार, असं त्यांच्या डोक्याने घेतलं. ती शाळेत गेली की ते तिचा एकेक कपडा दुकानात न्यायचे, बाजूची शिवण उसवून आतली माया, म्हणजे दुमडून ठेवलेलं जादा कापड, थोडी सोडायचे आणि इस्त्री करून गुपचूप कपाटात ठेवून द्यायचे. आठवडाभराने पुन्हा थोडी. शाळेचा शर्ट, घरातले झगे, स्वेटरसुद्धा. तिला बिचारीला काय ठाऊक. तिला एवढंच दिसत होतं की कालपर्यंत बसणारा शर्ट आज खांद्यावरून घसरतोय. आपण झिजतोय. आतून काहीतरी आपल्याला खातंय. औषधाच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर जाऊन तिने वजन केलं तर ते तेवढंच. काटा बिघडलाय असं ठरवून ती पुढच्या दुकानात गेली. तो काटाही बिघडलेला निघाला. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, आणि ते जितकं वाढलं तितके बाबा कपडे सैल करत गेले.

शेवटी आईनेच त्यांना पकडलं. डबा द्यायला म्हणून दुकानात गेली तर टेबलावर पोरीचा शर्ट, दोन्ही बाजूंनी उसवलेला.

"अहो, काय चालवलंय काय? तिकडे पोरगी मी मेले, मी वाळले म्हणून रडतेय आणि तुम्ही तिच्या कपड्यांचे तंबू शिवताय?"

"मोकळं वाटावं तिला म्हणून गं."

"मोकळं? त्या शर्टात आता मीसुद्धा मावेन."

आई शर्ट घेऊन घरी आली, तो स्वतःच्या अंगावर लावून तिच्यासमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग हसायला लागली. हसता हसता पोट धरून जमिनीवर बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या आतली सगळी हवा एकदम बाहेर पडली होती. बाबांनी पुढे सगळे कपडे पुन्हा मापात आणून दिले, पण जुन्या सुईची बारीक भोकं शिवणीच्या शेजारून रांगेने राहिली. ती काही इस्त्रीने गेली नाहीत. कॉलेजातही तिने ते कपडे वापरले. मैत्रिणी विचारायच्या, ही टिंबं कसली, आणि ती सांगायची, आमच्या बाबांची नक्षी.

दुखण्याचं नाव तिला कॉलेजात असताना एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं. पॅनिक. बाईंनी समजावलं होतं, "तुला हवा कमी पडत नाही. भीतीपोटी तू गरजेपेक्षा जास्त घेतेस. म्हणून बोटांना मुंग्या, म्हणून चक्कर. घाबरलीस की सोडण्याकडे लक्ष दे, घेणं आपोआप होतं." ते शिकली, मग ते गेलंच. इतकं गेलं की ती विसरली. लग्न, नोकरी, आणि मग बटण. बटण झाल्यावर पाळण्यातल्या पोरीचा श्वास ऐकता ऐकता तिचं पुन्हा स्वतःच्या श्वासाकडे लक्ष गेलं, आणि एकदा तिकडे लक्ष गेलं की गेलंच.

"बरं," बाबा म्हणाले. "जातो मी."

त्यांनी चपला घातल्या, पायरी उतरले आणि चालू लागले. तिच्या जिवाला बरं वाटलं. ती टेबलापाशी टेकते न टेकते तोच बाबा विजेच्या खांबापासून परत आले.

"कात्री उघडीच राहिली."

कात्री मिटवून ते पुन्हा गेले. या वेळी खांबाच्या थोडं पुढे. तिथे ते उभे राहिले, खिसे चाचपले आणि परत आले.

"इस्त्री बंद केली का मी?"

"बंद आहे बाबा."

"बघून घेतलेलं बरं."

इस्त्री बघितली. दोन टाचण्या उचलून ओठांत धरल्या. तिसऱ्यांदा ते पायरीवरच थांबले. उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासत होते, एकेक करून, जणू बोटांना काही चिकटलंय. ती ते बघत होती. कात्री, इस्त्री, खिसे. ही सगळी कारणं तिच्या ओळखीची होती. तिची गॅसची, कुलपाची, पाकिटाची होती, एवढाच काय तो फरक.

"बाबा, बोटांना मुंग्या आल्यात का?"

त्यांनी हाताकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं.

"थोड्या."

"आणि छातीत?"

"असतं तसंच. नेहमीचं."

तिने त्यांना दंडाला धरून स्टुलावर बसवलं. कपाळ घामाने डबडबलं होतं. "आधी तोंडातल्या टाचण्या काढा. गिळाल एखादी."

"असू दे. त्यांच्यामुळेच तर बरं आहे."

"म्हणजे?"

"तोंडात टाचणी असली की माणूस तोंडाने हवा गिळत नाही. नाकाने घ्यावी लागते, बेताबेताने. जोरात ओढलीस तर टाचणी घशात." ते थोडं हसले. "मोठ्या भीतीला छोट्या भीतीचा टाका घालून ठेवलाय."

ती त्यांच्यासमोर बसून राहिली. या टाचण्यांवरून आई त्यांना जन्मभर बोलत आली होती. बटण जवळ असताना तीही चिडायची.

"कधीपासून आहे हे?"

"तुझ्या आधीपासून."

"पण मग तो कारखाना? तुम्ही तर मालकाशी भांडून सोडलात ना?"

ती घरातली लाडकी गोष्ट होती. बाबा तरुणपणी तयार कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात कापणीला होते, वरच्या मजल्यावर, शंभर माणसांत. एक दिवस मालक वाटेल ते बोलला, तर बाबांनी कात्री टेबलावर ठेवली, 'तुमची कात्री तुम्हालाच लखलाभ' म्हणाले आणि ताठ मानेने जिना उतरले. ही गोष्ट तिने मैत्रिणींना सांगितली होती, सासरी सांगितली होती, नोकरीत साहेबांनी झापलं त्या दिवशी स्वतःलाही सांगितली होती.

"भांडतोय कसला," बाबा म्हणाले. "मालक त्या दिवशी आलाच नव्हता. कापता कापता एकाएकी वाटलं, संपलं. आता श्वास येत नाही. जिन्याने धावत खाली आलो ते परत वर गेलोच नाही. माझी कात्रीसुद्धा तुझी आई जाऊन घेऊन आली. भांडणाची गोष्ट तिचीच. लोक विचारायला लागले तर काहीतरी सांगायला हवं होतं."

"म्हणून हे दुकान."

"म्हणून हे दुकान. हवा येते इथे."

"बाबा, मी सोळा वर्षांची होते. मला वाटायचं, जगात हे फक्त मलाच होतं." तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा वर चढला. "तुम्ही टेप धरून समोर बसायचात. एकदा तरी म्हणायचं, मलाही होतं म्हणून."

बाबांनी एक टाचणी काढून मनगटावर बांधलेल्या टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचली. मग दुसरी.

"म्हणणार होतो. दोनदा तोंड उघडलंही. मग वाटलं, तू म्हणशील, बाबांचं एवढ्या वर्षांत गेलं नाही, म्हणजे माझंही जाणार नाही. तुझं जायला हवं होतं मला." मग म्हणाले, "आणि गेलं होतं की. चांगलं कितीतरी वर्षं गेलं होतं."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. ती सगळं नव्याने आठवत होती. बाबा तिच्या निकालाला आले नव्हते, गिऱ्हाइकाची घाई होती. पदवीच्या समारंभाला नाही, मशीन बिघडलं होतं. तिच्या बाळंतपणात आई आली, बाबा दुकान सोडून कसे येणार. दर वेळी तिला वाटायचं, बाबांना कामापुढे काही सुचत नाही. तिने ते कौतुकानेही सांगितलं होतं आणि एकदोनदा रागानेही.

"म्हणजे बटणला आई आणते ते..."

"मला जमत नाही म्हणून. आणि तुला जमत नाही म्हणून. बिचारीने एक दिवस बहिणीच्या डोळ्यांना दिला तर आपण दोघं उघडे पडलो बघ."

तिला हसू आलं आणि रडूही आलं, पण दोन्हींना वेळ नव्हता. बालवाडी सुटायला आली होती. एकेक पोर जात असेल, आणि फाटकाशी बटण आजीची वाट बघत उभी असेल. ती उठली.

"मी जाते."

"मी येतो पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथवर कधीकधी जातो मी."

टाकी गल्लीच्या तोंडाशी होती, तिच्या पलीकडे चौक. दोघं चालत गेली. टाकीच्या सावलीत बाबा थांबले.

"मी इथेच आहे," ते म्हणाले. "मागे बघू नकोस. बघितलंस तरी चालेल."

जाताना काही झालं नाही. हेच तिला आश्चर्य वाटलं. फाटकाशी बाई म्हणाल्या, "आज आजी नाही?" आणि बटण कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "तू का आलीस?"

"आजी गावाला गेलीये."

"मग आजोबांना पाठवायचं ना."

"आजोबा कामात आहेत. चल."

बटणच्या केसांना डिंक लागला होता. तो कुणी लावला, का लावला आणि बाई त्याला काय म्हणाल्या, हे ऐकत ऐकत दोघी चौकापर्यंत आल्या, आणि तिथे ते आलं. गाड्या थांबल्या होत्या, रस्ता मोकळा होता, आणि तिच्या छातीचं दार धाडकन लागलं. कानात तीच शीळ. तिने बटणला मागे ओढलं आणि कोपऱ्यावरच्या बुटक्या भिंतीवर बसली.

"आई, हात दुखतोय. किती दाबतेस."

तिने मूठ थोडी सैल केली. सोडली नाही.

"काय झालं तुला? धावलीस?"

एरवी ती म्हणाली असती, काही नाही. ऊन लागलं. चपलेत खडा गेला. ओठांवर तेच आलंही होतं.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "मोठी भीती. थोडा वेळ वाटेल, मग जाईल. तोवर आपण इथे बसू."

"कशाची?"

"कशाचीच नाही. नुसतीच येते."

बटणने यावर विचार केला. मग गुडघ्याला खरचटल्यावर आजी करते तसं ती वाकली आणि आईच्या छातीवर फुंकर घातली. फुंकर कमी, थुंकी जास्त. "आता तू घाल," ती म्हणाली. "माझ्या केसांवर. डिंकाचं पण दुखतंय."

तिने फुंकर घातली. एक लांब, मग आणखी एक लांब. डिंकाने चिकटलेले केस हलेनात, म्हणून तिसरी त्याहून लांब. बटण डोळे मिटून उभी होती. गाड्या सुटल्या, थांबल्या, पुन्हा सुटल्या. कुणी तिला सांभाळा म्हणालं नाही. शीळ बारीक होत होत गेली, आणि बोटांच्या टोकांशी लेकीचा घामट, चिकट हात पुन्हा लागायला लागला.

"गेली?"

"थोडी राहिलीये. चालता चालता जाईल."

रस्ता ओलांडताना तिला बाबा दिसले. टाकीची सावली मागे सरकली होती, पण ते जागचे हलले नव्हते. आता ते भर उन्हात उभे होते, पाठ भिंतीला लावून. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी वाट बघत निवांत उभा आहे माणूस.

"आजोबा तिथे का उभेत?" बटणने विचारलं. "शाळेपर्यंत का नाही आले?"

"आपल्याला घ्यायला आलेत ते," ती म्हणाली. "काम सोडून आलेत."

बटण शेवटचं अंतर पळत गेली. बाबांनी तिचा हात धरला, केसांतला डिंक बघितला आणि म्हणाले, "अरे वा, बटण चिकटवून दिलं की काय बाईंनी." मग सुनावणी सुरू झाली, डिंक कुणी लावला तिथपासून. दोघं पुढे चालू लागली.

भिंतीपासून वळले तेव्हा बाबांची पाठ तिला दिसली. शर्ट मानेपासून कमरेपर्यंत ओला होऊन अंगाला चिकटला होता, आतल्या बरगड्या मोजाव्यात इतका. गल्लीत माणसं होती. किराणावाला ओट्यावर बसला होता, त्याने हात वर केला, बाबांनीही केला. ती मुद्दाम एक पाऊल मागे राहिली आणि त्यांच्या पाठीला लागून चालू लागली, म्हणजे मागून येणाऱ्या कुणाला ती पाठ दिसायला नको.